अनागत दुःख आणि फडातले ऊन

कार्बन डायऑक्साइड लेझर बनवणारा शास्त्रज्ञ बारामतीत जन्मला. चंद्रा कुमार नारणभाई पटेल यांचा जन्म २ जुलै १९३८ चा. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून १९५८ साली पदवी घेऊन ते अमेरिकेला गेले, स्टॅनफर्ड विद्यापीठात त्यांनी डॉक्टरेट केली आणि १९६४ साली बेल लॅबोरेटरीजमध्ये हा लेझर सिद्ध केला. आज तो किरण कारखान्यात पत्रा कापतो, शस्त्रक्रियेत मांस कापतो. त्वचारोगतज्ज्ञाच्या हातात आला, की वर्षानुवर्षांच्या उन्हाने बिघडलेली आणि कर्करोगाच्या वाटेला लागलेली चेहऱ्याची त्वचा थराथराने काढून टाकतो.

त्याच बारामती तालुक्यात माळेगाव आणि सोमेश्वरनगर इथे सहकारी साखर कारखाने आहेत. दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यातून ऊसतोड कामगारांच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रातल्या आणि कर्नाटकातल्या अशा कारखान्यांकडे निघतात. आष्टी, पाटोदा, शिरूर कासार, गेवराई, वडवणी, धारूर, केज, परळी या तालुक्यांतली कित्येक गावे महिना-पंधरा दिवसांत ओस पडतात. मागे उरतात ती म्हातारी माणसे आणि शाळेची पोरे. नवरा-बायकोच्या जोडीला मिळून एक ‘कोयता’ म्हणतात. मुकादमाकडून घेतलेली उचल टनावारी फेडायची असते. एक दिवस कामावर गेले नाही, तर मजुरी बुडतेच, वर खाडा म्हणजे दंड लागतो. ही माणसे परततात तेव्हा उन्हाळा चांगलाच तापलेला असतो.

चेहऱ्यावरचा उन्हाचा बिघाड काढून टाकणाऱ्या यंत्राचा जनक ज्या गावचा, त्याच गावच्या शिवारात ऊन झेलणारे चेहरे दरवर्षी येतात आणि जातात. त्या यंत्राशी त्यांची गाठ मात्र क्वचितच पडते. हा प्रश्न वैद्यकाचा आहे, मजुरीचा आहे आणि त्याच्या बुडाशी धर्माचाही आहे. शरीरावर जे येते ते भोग म्हणून सोसायचे, की टाळता येईल ते टाळायचे? आणि टाळायचे, तर ते काम कोणाचे?

आधी उन्हाचे नीट समजून घेतले पाहिजे. सूर्यप्रकाशातले अतिनील किरण त्वचेच्या पेशीत शिरतात आणि डीएनएच्या साखळीतल्या शेजारच्या दोन कड्या एकमेकींना जोडून टाकतात. पेशी हे बिघाड रोज दुरुस्त करत असते. या दुरुस्तीची यंत्रणा उलगडणाऱ्या टॉमस लिंडाल, पॉल मॉड्रिच आणि अझीझ संजार यांना २०१५ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. पण रोजच्या उन्हात काही बिघाड दुरुस्तीतून सुटतात. पेशीच्या वाढीला लगाम घालणाऱ्या पी-५३ या जनुकातच बिघाड झाला, तर ती पेशी मरायची थांबते आणि वाढत राहते. त्वचेच्या कर्करोगात या जनुकावर अतिनील किरणांची ओळखू येणारी खूण असते, हे येल विद्यापीठातल्या डग्लस ब्रॅश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये दाखवून दिले. १९९२ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने सूर्यप्रकाशाला माणसात कर्करोग घडवणाऱ्या कारणांच्या पहिल्या गटात टाकले.

कर्करोग होण्याआधी बहुधा एक पायरी येते. कपाळ, गालाची हाडे, नाकाचा शेंडा, कानाच्या पाळ्या आणि टक्कल पडलेले डोके इथे बारीक खरखरीत खवले धरतात. ते डोळ्याला दिसायच्या आधी बोटाला कळतात. खरवडले तर निघतात आणि काही दिवसांत पुन्हा येतात. खालच्या ओठावर हाच प्रकार वेगळ्या रूपात होतो. ओठ सतत कोरडा पडतो, सोलतो, पांढुरका होतो आणि ओठ व कातडी यांच्यामधली रेघ पुसट होत जाते. असे बहुतेक खवले कर्करोगापर्यंत पोचत नाहीत, काही तर आपोआप विरतात. एखादा मात्र पुढे जातो आणि तो कोणता, हे आधी सांगता येत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस युरोपात हा विकार पहिल्यांदा नीट नोंदला गेला तो खलाशांच्या आणि द्राक्षमळ्यातल्या मजुरांच्या चेहऱ्यांवर. उघड्यावर राबणाऱ्या माणसाचा हा आजार आहे, हे तेव्हापासून वैद्यकाला ठाऊक आहे.

सावळ्या त्वचेला निसर्गाने मोठे संरक्षण दिले आहे. मेलॅनिन हे रंगद्रव्य पेशीच्या केंद्रावर छत्रीसारखे पसरते आणि अतिनील किरण अडवते. त्यामुळे भारतात त्वचेचा कर्करोग एकूण कर्करोगांत फारच थोडा आढळतो. उसाच्या फडात राबणारा बीडचा प्रत्येक मजूर या वाटेवर आहे, असे म्हणणे खोटे ठरेल. पण थोडा म्हणजे कोणालाच नाही, असा अर्थ होत नाही. जन्मतःच रंगद्रव्य नसलेली माणसे प्रत्येक जिल्ह्यात आहेत आणि त्यांच्यापैकी कित्येकजण शेतातच राबतात. झेरोडर्मा पिगमेंटोझम हा जन्मजात विकार असलेल्या मुलांत डीएनए दुरुस्त करणारी यंत्रणाच मोडकी असते. अगदी लहान वयातच त्यांच्या चेहऱ्यावर तिळांचा खच पडतो आणि कर्करोग लहानपणीच गाठतो. आई आणि वडील दोघांकडून एकच सदोष जनुक आले, की हा विकार होतो. म्हणून मामाच्या मुलीशी लग्न करण्याची रीत असलेल्या मराठवाड्यासारख्या भागात त्याचा धोका अधिक. शिवाय जुन्या भाजल्याच्या व्रणावर आणि उन्हाने कोळपलेल्या ओठावरही कर्करोग उद्भवतो. आजार दुर्मीळ असला की कोणी शोधत नाही, आणि कोणी शोधत नाही म्हणून तो उशिरा सापडतो.

इथे धर्माचा प्रश्न उभा राहतो. चेहऱ्यावर काही उठले, की खेड्यापाड्यांतून पहिले उत्तर येते ते भोगाचे. मागल्या जन्मीचे संचित आहे, ते भोगूनच संपायचे. या समजुतीने माणसाला सोसायचे बळ दिले, हे नाकारता येत नाही. पण ज्या परंपरेच्या नावाने हे उत्तर दिले जाते, त्या परंपरेने ते तसे दिलेले नाही.

चरकसंहितेच्या विमानस्थानातला तिसरा अध्याय या दृष्टीने पुन्हा वाचण्यासारखा आहे. ऐन उन्हाळ्याचे दिवस आहेत. पांचाल देशात, काम्पिल्य नगरीजवळ, गंगेच्या काठच्या वनात आत्रेय मुनी शिष्यांसह फिरत आहेत. माणसांची प्रकृती, आहार, वय सगळे वेगवेगळे असताना एकाच वेळी सगळा प्रदेश रोगाने कसा उद्ध्वस्त होतो, असे त्यांचा शिष्य अग्निवेश विचारतो. आत्रेय सांगतात, की वारा, पाणी, भूमी आणि ऋतू या चार गोष्टी सगळ्यांच्या सामाईक आहेत. त्या बिघडल्या की सगळेच आजारी पडतात. मग त्या बिघडतात कशाने, असे अग्निवेश विचारतो. उत्तर येते अधर्माचे. देशाचे आणि नगराचे प्रमुख धर्म सोडून प्रजेला वागवू लागतात, त्यांचे आश्रित आणि व्यवहारावर जगणारे लोक तो अधर्म वाढवत नेतात आणि त्याचा ताप सगळ्यांना होतो.

म्हणजे करणारा एक आणि भोगणारा दुसरा असू शकतो, हे आयुर्वेदाच्या मूळ ग्रंथातच मांडलेले आहे. बीडच्या कोयत्याला हे उत्तर थेट लागू पडते. साखर खाणारा महाराष्ट्रभर आणि त्याबाहेरही पसरला आहे. कारखाना चालवणारा, टोळी पुरवणारा, दर ठरवणारा हे सगळे व्यवहारावर जगणारे आहेत. ऊन तेवढे एकाच्या कपाळावर पडते. त्याला त्याच्याच मागल्या जन्माचे फळ म्हणून मोकळे होणे सोपे आहे, पण आत्रेयांचे उत्तर तिथे थांबत नाही.

याच अध्यायात अग्निवेश आणखी एक प्रश्न विचारतो. आयुष्य ठरलेलेच असते का? आत्रेयांच्या मते दैव आणि पुरुषकार या दोहोंवर ते अवलंबून असते. पूर्वी केले ते दैव, आता करतो तो पुरुषकार. दोहोंत जे बलवान, ते दुसऱ्याला हटवते. सगळे ठरलेलेच असते, तर औषधाला आणि पथ्याला काही अर्थच उरला नसता. इथे ते गाडीच्या आखाचा दाखला देतात. चांगला आख आपल्या काळाने झिजतो. पण गाडीत ओझे जास्त झाले, वाट खडबडीत असली, वंगण मिळाले नाही, तर तोच आख वेळेआधी मोडतो. उसाने शीगोशीग भरलेली बैलगाडी कारखान्याच्या रस्त्याला चढावर नेणाऱ्या माणसाला हा दाखला समजावून सांगावा लागत नाही.

बुद्धांचे उत्तर त्याहूनही नेमके आहे. संयुत्त निकायातल्या एका सुत्तात मोळिय सीवक नावाचा परिव्राजक त्यांना विचारतो, की माणसाला जे काही सुखदुःख होते ते सगळे पूर्वकर्माचेच असते, असे काही जण म्हणतात, ते खरे का? बुद्ध आठ कारणे मोजून दाखवतात. पित्त, कफ, वात, या तिघांचा संयोग, ऋतूतला पालट, शरीराची विषम हाताळणी, बाहेरून झालेला आघात आणि आठवे कर्मफळ. सगळे काही पूर्वकर्मावर ढकलणारे लोक स्वतःला कळते त्याच्याही पलीकडे जातात आणि जगाला मान्य असलेले सत्यही ओलांडतात, असे बुद्ध त्याला सांगतात. या यादीत ऋतू वेगळा, विषम हाताळणी वेगळी आणि कर्म वेगळे आहे. फडातले ऊन पहिल्या दोहोंत बसते.

इस्लामी परंपरेतही पैगंबरांचे वचन आहे, की अल्लाहने कोणताही आजार त्याच्या औषधावाचून पाठवलेला नाही. बीड शहरातल्या मोहल्ल्यात आणि परळीच्या मंदिराच्या पायऱ्यांवर बसलेल्या दोन माणसांचे यावर भांडण होण्याचे कारण नाही. परळीचा देव तर वैद्यनाथ या नावानेच पुजला जातो. समुद्रमंथनातून निघालेले अमृत आणि धन्वंतरी देवांनी याच लिंगात लपवले, अशी तिथली कथा आहे आणि भक्त त्या लिंगाला हाताने स्पर्श करतात. वैद्याच्या देवाला हात लावून आलेल्या माणसाने उपचाराला दैवाविरुद्धचे पाऊल मानावे, याला त्याच्या श्रद्धेतही आधार सापडत नाही.

सूर्याचेही तसेच. रथसप्तमीला अंगणात गोवरीवर दूध उतू घालणारा समाज सूर्याकडे आरोग्य मागत आला आहे. कृष्णपुत्र सांबाचे कुष्ठ सूर्योपासनेने गेले, अशी पुराणकथा आहे. विज्ञानानेही प्रकाशाची ही बाजू मान्य केली. त्वचेच्या क्षयावर प्रकाशाचा उपचार शोधणाऱ्या नील्स फिन्सेन यांना १९०३ चे नोबेल मिळाले. तोच प्रकाश रोज तासन्‌तास, वर्षानुवर्षे आणि बिनआडोशाचा मिळाला, की पेशी बिघडवतो. देव बदलत नाही, मात्रा बदलते. आणि फडातली मात्रा मजूर ठरवत नाही.

भोगाचे कोडे असे सुटले, तरी कर्करोगपूर्व अवस्थेपुढे खरा तात्त्विक पेच शिल्लक राहतो. आजार अजून झालेलाच नाही. खवला दुखत नाही, काम अडवत नाही. जे अजून आले नाही, त्यासाठी आज चेहरा भाजून घ्यायचा का?

पतंजलींनी योगसूत्रांच्या दुसऱ्या पादात नेमके हेच सांगितले आहे. टाळायचे असते ते अजून न आलेले दुःख. त्यावरच्या व्यासभाष्याची मांडणी साधी आणि पक्की आहे. जे दुःख होऊन गेले ते भोगून संपले, जे चालू आहे ते भोगले जातच आहे, म्हणून टाळण्याजोगे उरते ते पुढचेच. हेच भाष्य योगशास्त्राची तुलना वैद्यकाशी करते: रोग, रोगाचे कारण, आरोग्य आणि औषध अशी वैद्यकाची चार अंगे, तशीच दुःखमुक्तीचीही चार. कर्करोगपूर्व अवस्थेवरचा उपचार हा अनागत दुःखावरचाच उपचार आहे.

तरीही बीड जिल्ह्यात अनागत दुःखाचे नाव काढताना जपून बोलावे लागते. याच जिल्ह्यात उद्याच्या कर्करोगाची भीती घालून आज शरीर कापले गेले आहे. २०१९ साली ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न ऐरणीवर आला. राज्य सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. सुमारे ८२ हजार स्त्रियांच्या पाहणीत १३ हजारांहून अधिक जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. पुढे कॅन्सर होईल असे आपल्याला सांगितले गेले, असे अनेकींनी सांगितले. अंगावरून जाणाऱ्या साध्या तक्रारीवर औषध मिळायला हवे होते, त्याऐवजी शस्त्र मिळाले. आणि पाळीच्या दिवसांत लागणारा खाडा चुकवण्यासाठी ते मान्यही केले गेले. तिथे अनागत दुःख टाळले गेले नाही. ते विकले गेले.

म्हणून पतंजलींच्या सूत्राला एक अट जोडावी लागते. न आलेले दुःख खरोखर कोणत्या वाटेने येते आहे, हे आधी पाहिले पाहिजे. त्वचेच्या बाबतीत त्याचा व्यवहारी अर्थ सरळ आहे. खवला संशयास्पद असेल, टणक झाला असेल, त्यातून रक्त येत असेल, तर लेझरच्या आधी त्याचा तुकडा काढून तपासायला पाठवायचा. लेझर ऊतक जाळून टाकतो. एकदा जळाले की तपासायला काही उरत नाही आणि आत कर्करोग असेल, तर तो झाकला जातो.

उपचार म्हणून लेझर आश्चर्यकारक आहे. पटेल यांच्या किरणाची तरंगलांबी १०,६०० नॅनोमीटर. ती पाण्याला अचूक पकडते आणि त्वचेच्या पेशीत पाणीच सर्वाधिक असते, म्हणून वरचा थर क्षणात वाफ होऊन जातो. आधी चेहरा बधिर करतात. मग हँडपीस कपाळावरून हळूहळू फिरतो, करपल्याचा वास येतो, करड्या पापुद्र्याखाली ओलसर गुलाबी थर दिसू लागतो. नवी त्वचा कुठून येते, हे पाहण्यासारखे आहे. केसांच्या मुळांशी आणि ग्रंथींमध्ये, जिथवर ऊन फारसे पोचलेले नसते, तिथल्या पेशी वर सरकतात आणि आठवड्या-दोन आठवड्यांत जखम भरून काढतात. खवले थोडे असतील, तर द्रव नायट्रोजनने गोठवणे किंवा मलम लावणे यानेही काम भागते. चेहरा सगळाच भरला असेल, तेव्हा लेझरचा विचार होतो. सावळ्या त्वचेवर नंतर काळे डाग उमटण्याचा धोका असतो, म्हणून हात सांभाळूनच चालवावा लागतो.

खरी अडचण पुढे आहे. नव्या त्वचेला कित्येक आठवडे उन्हात जाता येत नाही. कोयत्याला ही सुटी कोण देणार? जखम भरायच्या आत फडात उतरले, तर उपचारच अपाय ठरतो. मागची उचल न फिटलेल्या माणसाला सावलीत बसायला सांगणे म्हणजे औषधाचे नाव लिहून बाटली न देणे. आत्रेयांचे उत्तर इथे पुन्हा लागू होते. वैद्य त्वचा बरी करू शकतो. वारा, पाणी, भूमी, ऋतू यांच्यात माणसाला कसे राबवायचे, हे ठरवणारे दुसरेच असतात.

संत एकनाथांनी भागवतावरच्या टीकेत देहाविषयी जो विवेक सांगितला आहे, तो या सगळ्याला जोडणारा आहे. ही टीका १५७३ साली काशीत पूर्ण झाली आणि तिचा कर्ता बीडच्या वेशीवरच्या पैठणचा. देह वाईट म्हणून टाकला तर मोक्षाचे साधन गेले, चांगला म्हणून त्याचे लाड केले तर अधोगती. म्हणून तो टाकायचा नाही, भोगायचाही नाही, भगवंताच्या कामाला लावायचा. या विवेकाने चेहऱ्यावर लेझर घेणे ही चैन ठरत नाही आणि चेहरा उन्हाला सोडून देणे हे वैराग्य ठरत नाही. नवऱ्याचा जुना पूर्ण बाह्यांचा शर्ट साडीवर चढवून, डोक्या-तोंडाला कापड गुंडाळून फडात उतरणारी बाई हा विवेक कधीचा पाळते आहे. उसाच्या पात्यापासून आणि उन्हापासून देह राखण्याचे तिच्या हातात होते तेवढे तिने केले आहे. उरलेले तिच्या हातात नाही.

ते कारखान्यांच्या, मुकादमांच्या आणि सरकारच्या हातात आहे. रुंद काठाच्या टोप्या, फडाच्या बांधावर कनातीची सावली, भर दुपारी दोन तास तोड बंद, प्यायला पुरेसे पाणी आणि आजारपणाच्या दिवसाला खाडा नाही, या मागण्या लेझरपेक्षा कितीतरी स्वस्त आहेत आणि अनागत दुःख मुळाशीच टाळणाऱ्या आहेत. लोकनेते गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने ऊसतोड कामगारांसाठी कल्याण महामंडळ आहे. त्वचेची आणि ओठांची तपासणी त्याच्या आरोग्यविषयक कामात यायला हवी.

टोळ्या गावी परतल्या, की आपल्या घरातल्या आणि शेजारच्या माणसांचे चेहरे नीट पाहावेत. रंगद्रव्य नसलेली माणसे आणि चेहरा तिळांनी भरलेली लहान मुले आधी पाहावीत. महिनाभरात न भरलेली जखम, पुन्हा पुन्हा येणारा खवला, पांढुरका होऊन सोलणारा खालचा ओठ यांपैकी काही दिसले, तर देवऋष्याकडे किंवा मेडिकलच्या मलमाकडे न जाता अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयाच्या त्वचारोग विभागात दाखवावे. कोणी थेट लेझर किंवा शस्त्रक्रिया सुचवली, तर तुकडा तपासला का, हे पहिल्यांदा विचारावे.